मळलेले डावे पान

मोबाइल येण्यापूर्वी ज्यांनी महाराष्ट्रात विज्ञान शाखेतून अकरावी-बारावी केली, त्यांना ‘क्लार्क्स टेबल’ आठवत असेल. परीक्षेत कॅल्क्युलेटरला बंदी होती, त्यामुळे गुणाकार-भागाकारासाठी लॉगच्या कोष्टकाशिवाय गत्यंतर नसे. मूर्तिजापुरात मी जवळजवळ तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले. मुले बारावी झाली की हे पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून जात. पुढच्या वर्षीच्या एखाद्या गरजू मुलाच्या कामी येई. मागच्या दिवाळीआधी घर रंगवायला काढले तेव्हा माळ्यावरच्या खोक्यात अशा बऱ्याच प्रती निघाल्या. रद्दीत देण्याआधी सहज चाळल्या, आणि इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली.

चार अंकी लॉगचे कोष्टक समोरासमोरच्या दोन पानांवर मावते. डाव्या पानावर १० ते ५४, उजव्यावर ५५ ते ९९. ओळीवर बोट ठेवून आडवे सरकत जायचे, अशी सवय आम्ही मुलांना लावतो. बोटांच्या घामाने डावे पान तपकिरी झालेले होते, वरच्या ओळी तर पुसटल्या होत्या. उजवे पान त्या मानाने कोरे. एका प्रतीत असते तर एखाद्या मुलाची खोड म्हटली असती. पण प्रत्येक प्रतीत तेच. पुढे अँटिलॉगची दोन पाने उघडली, तर ती दोन्ही सारखीच मळलेली.

या दोन निरीक्षणांत, खरे म्हणजे, एक संपूर्ण नियम दडलेला आहे. तो मी शिकवला कधीच नव्हता, कारण अभ्यासक्रमात नव्हता. नाव मात्र ऐकून होतो, आणि त्याच्या अर्धवट ज्ञानापायी एका माणसाचा मी अपराधीही झालो होतो. ते पुढे येईल.

पाने मळण्याची गोष्ट पहिल्यांदा छापली सायमन न्यूकम्ब या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने, १८८१ साली. अमेरिकेच्या नौकानयन पंचांगाचे कार्यालय तो चालवत होता; म्हणजे दिवसभर ग्रहताऱ्यांची आकडेमोड आणि हाताशी लॉगची जाड पुस्तके. ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये त्याने जेमतेम दोन पानांचे टिपण दिले. त्याचे म्हणणे असे की ही पुस्तके वापरणाऱ्याला सुरुवातीची पाने शेवटच्या पानांपेक्षा लवकर झिजताना दिसतातच. व्यवहारात भेटणाऱ्या संख्यांचा पहिला अंक १ असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ९ असण्याची सर्वांत कमी. प्रमाणही त्याने दिले. शंभरात सुमारे ३०.१ संख्या एकाने सुरू होतात, १७.६ दोनाने, १२.५ तिनाने, ९.७ चाराने, आणि असे उतरत नवापाशी ४.६. कोणत्याही अंकाचे प्रमाण काढायचे तर त्याच्या पुढच्या अंकाच्या लॉगमधून त्याचा लॉग वजा करायचा. या हिशेबाने आमच्या क्लार्क्स टेबलच्या डाव्या पानाच्या वाट्याला शंभरातली ७४ कामे येतात आणि उजव्याच्या वाट्याला २६. अँटिलॉगची पाने सारखी का मळतात, तेही याच टिपणात आहे. लॉगचा दशांश चिन्हापुढचा भाग शून्य ते एकमध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने पडतो, हेच न्यूकम्बचे मूळ विधान.

सिद्धता त्याने दिली नाही, आणि टिपण विस्मरणात गेले.

असे का होत असावे हे समजायला आपल्याकडचा जुना व्यवहार बरा. वऱ्हाडातच काय, साऱ्या महाराष्ट्रात सावकार बियाण्यासाठी दाणे देई ते सवाईने किंवा दिढीने. पेरणीला चार पायल्या नेल्या तर सुगीला सवाईने पाच परत करायच्या, दिढीने सहा. समजा एखाद्याने १०० पायल्या सवाईने घेतल्या आणि दर सुगीला फेडण्याऐवजी कर्जच पुढे ओढले. वहीतले आकडे असे चालतील : १००, १२५, १५६, १९५, २४४, ३०५, ३८१, ४७७, ५९६, ७४५, ९३१. पुढे १,१६४, १,४५५, १,८१९, २,२७४, २,८४२, ३,५५३, ४,४४१, ५,५५१, ६,९३९, ८,६७४. एकूण एकवीस नोंदी. पहिले अंक मोजा. एक सात वेळा, दोन आणि तीन प्रत्येकी तीनदा, चार आणि पाच दोन-दोनदा. सहा, सात, आठ, नऊ एकेकदाच. न्यूकम्बच्या प्रमाणाने एकवीसमध्ये एकाचे सहा-साडेसहा येतात. सावकाराला लॉग ठाऊक नव्हते, पण त्याची वही लॉगनेच चालत होती.

कारण सरळ आहे. शंभराचे दोनशे व्हायला कर्ज दुप्पट व्हावे लागते. तोवर आकडा एकाने सुरू होतो. नऊशेचे हजार व्हायला नवव्या हिश्शाची वाढ पुरते. एकाच्या घरात मुक्काम लांब, नवाच्या घरात उभ्याउभ्या चहा. जे काही पटीने वाढते त्याची अशीच गत होणार : लोकसंख्या, व्याज, गावाच्या बाजारपेठेची उलाढाल. (दामदुप्पटीचा धर्मशास्त्रीय नियम, म्हणजे व्याज मुदलापेक्षा जास्त घ्यायचे नाही, इथे मोडता घालतो. शंभराचे कर्ज दोनशेवर थांबलेच पाहिजे. नियम पाळला जात असता तर सावकाराच्या वहीत वरचे आकडे आलेच नसते.)

न्यूकम्बनंतर सत्तावन्न वर्षांनी, १९३८ मध्ये, तीच गोष्ट पुन्हा सापडली ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या फ्रँक बेन्फर्डला. याने मात्र कंबर कसली. नद्यांच्या खोऱ्यांची क्षेत्रफळे, गावांची लोकसंख्या, रेणूंची वजने, बेसबॉलचे आकडे, ‘रीडर्स डायजेस्ट’च्या अंकात आलेल्या संख्या, शास्त्रज्ञांच्या सूचीतले घरक्रमांक असे वीस गट करून त्याने २०,२२९ संख्या तपासल्या. एकाचे सरासरी प्रमाण निघाले ३०.६ टक्के. नियमाला नाव त्याचेच पडले. न्यूकम्ब मागे राहिला. नावाच्या बाबतीत शास्त्रातही पहिल्या अंकाला मान मिळतोच असे नाही.

याची एक शेपटी आहे. १९७९ मध्ये पर्सी डायकोनिस आणि डेव्हिड फ्रीडमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी बेन्फर्डचे कोष्टक बारकाईने तपासले आणि दाखवून दिले की टक्केवारीतले अपूर्णांक पूर्ण करताना त्याने ते आपल्या नियमाच्या बाजूला झुकवले असावेत. नियम खराच होता, कच्च्या आकड्यांतूनही तो दिसतच होता. पण शोधणाऱ्याला तो आणखी थोडा साजरा करावासा वाटला. बनावट आकडे पकडायला पुढे जगभर वापरला गेलेला नियम, आणि त्याच्या पहिल्याच मोठ्या पुराव्यावर हात फिरवलेला! ही हकिकत वाचली तेव्हा मला बेन्फर्ड पहिल्यांदा आपल्यातला वाटला.

आता घरचे उदाहरण. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे होते. त्यांच्या लोकसंख्येचे पहिले अंक मी वहीत मांडले. एकाने सुरू होणारे तेरा : एक कोटी दहा लाखांवर गेलेला ठाणे, आणि दहा ते वीस लाखांमधले जालना, परभणी, अकोला, उस्मानाबाद, नंदुरबार, रत्नागिरी, गोंदिया, वर्धा, भंडारा, वाशीम, हिंगोली, गडचिरोली. दोनाने सुरू होणारे नऊ, त्यात आमचे शेजारी अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा. तिनाचे पाच, चाराचे चार, पाचाचा एकही नाही. सहाचा एकटा नाशिक, साताचा नाही, आठाचा सिंधुदुर्ग, नवाचे पुणे आणि मुंबई उपनगर. नियमाने एकाला साडेदहा आणि दोनाला सहा यायला हवे होते. उतार तोच आहे, जरा जास्तच तीव्र आहे.

मात्र हे उदाहरण जितके देखणे तितके निर्मळ नाही. ३५ ही संख्या लहान आहे, आणि जिल्हा काही नदीसारखा आपोआप वाहत आलेला नसतो. अकोल्याचेच पाहा. जनगणनेत अकोला १८,१३,९०६ आणि वाशीम ११,९७,१६०. दोघेही एकाने सुरू होतात. पण १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला नसता तर २०११ मध्ये अखंड अकोल्याची लोकसंख्या झाली असती ३०,११,०६६. म्हणजे मंत्रालयातल्या एका निर्णयाने तिनाचा एक जिल्हा मोडून एकाचे दोन झाले. हिंगोली, गोंदिया, नंदुरबार यांचाही जन्म असाच फाळणीतून, त्याच एक-दोन वर्षांतला. लोक पटीने वाढतात, सीमा माणसे आखतात, आणि कोष्टकात दोन्ही मिसळून येते.

मिसळण वेगळी कशी करायची? त्याची एक युक्ती रॉजर पिंकम या गणितज्ञाने १९६१ मध्ये काढलेल्या निष्कर्षात आहे. पहिल्या अंकाचा असा सार्वत्रिक नियम असेल तर तो मापावर अवलंबून असता कामा नये, मैलांत मोजा की किलोमीटरांत. आणि माप बदलूनही टिकणारी वाटणी ही एकच, लॉगची. आपल्या देशाने हा प्रयोग केवढ्या मोठ्या प्रमाणावर केला! १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि पुढच्याच वर्षापासून मण-शेर जाऊन क्विंटल-किलो येऊ लागले. सरकारी मण म्हणजे सुमारे ३७.३२ किलो. १२ मणांचे ४४८ किलो झाले, एकाचा चार झाला. ३० मणांचे १,१२० किलो झाले, तिनाचा एक झाला. एकूण एक नोंद आपले पहिले अक्षर बदलते, तरी लहानमोठ्या वजनांनी भरलेल्या वहीत एकाची गर्दी एकाकडेच राहते. जाणारे गेले तेवढेच नवे आले.

आता उलट बाजूचे उदाहरण. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन आहत नाणी हजारोंनी तराजूत घातली आणि वापराने ती किती झिजतात यावरून काळाचा हिशेब मांडला. चांदीच्या कार्षापणाचे वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ग्रॅममध्ये लिहिले तर बहुतेक नोंदी तिनाने सुरू होतात. इंग्रजी ग्रेनमध्ये लिहा, बावन्न-त्रेपन्न ग्रेन, की सगळी गर्दी तिनावरून उठून पाचावर जाते. माप बदलताच घर बदलणारी ही गर्दी सांगते की हे आकडे वाढून आलेले नाहीत, कुणीतरी आधी ठरवलेले आहेत. टांकसाळीत कुणीतरी तराजू धरून बसले होते. त्यात लबाडी काहीच नाही, नाणे ठरल्या वजनाचे असावे म्हणूनच तर टांकसाळ. हे वाक्य मला फार उशिरा सुचले.

ठरवलेल्या आकड्यांचा खजिना पाहायचा तर लग्नातली आहेराची वही काढावी. ५१, १०१, २५१, ५०१, १,१०१, २,१००. गणपती-दुर्गोत्सवाच्या वर्गणीची पावतीपुस्तकेही तशीच. एक आहे, दोन आहे, पाच आहे. चार, सहा, आठ शोधून सापडायचे नाहीत. कुणी ३८७ रुपये आहेर केला तर घरातली बाई पाकीट उलटेपालटे करून पाहील. इथे पहिला अंक शिष्टाचार ठरवतो, निसर्ग नव्हे.

आणि पैसेवारी! मूर्तिजापूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात. विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, सारी भिस्त पावसावर. त्यामुळे पैसेवारी हा शब्द इथे पोरांनाही कळतो. पूर्वी ती आणेवारी होती : पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदा किती आणे, असा डोळ्यांचा अंदाज. आता शंभर पैशांतले किती पैसे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांना परीक्षा शुल्क माफ. वर गेली तर यातले काही नाही. शेतातल्या पिकाला पन्नास हा आकडा ठाऊक नसतो, पण कागदाला असतो. वाईट वर्षाच्या डिसेंबरात वर्तमानपत्रात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असे आकडे वाचून पारावर जी चर्चा होते ती पिकाची नसते, दोन-तीन पैशांची असते. या आकड्यांना बेन्फर्डची फूटपट्टी लावणे मुळातच चूक आहे. तो नियम दहापासून दहा लाखांपर्यंत पसरलेल्या आकड्यांचा. एक ते शंभरमध्ये कोंडलेल्या आणि मध्येच दरी असलेल्या आकड्यांचा नव्हे. निवडणुकीत मतदान केंद्रनिहाय मते घेऊन पहिल्या अंकावरून घोटाळा ‘सिद्ध’ करणारे हीच चूक करतात. केंद्राला किती मतदार जोडायचे हे आयोगाने आधीच ठरवलेले असते.

हिशेब तपासणीत या नियमाचा बोलबाला झाला तो १९९० नंतर, मार्क निग्रिनी यांच्या कामामुळे. त्यांनी प्रसिद्ध केलेले अ‍ॅरिझोनाचे प्रकरण असे : राज्याच्या खजिनदार कार्यालयातल्या एका व्यवस्थापकाने बनावट पुरवठादाराच्या नावे २३ धनादेश काढून वीस लाख डॉलरच्या घरात रक्कम वळवली. एक लाखाच्या वर गेले की जास्त तपासणी होईल या हिशेबाने त्याने रकमा लाखाच्या खाली ठेवल्या. त्यामुळे पहिले अंक जवळजवळ सगळे सात, आठ आणि नऊ. माणसाला आकडा मनाने लिहायला सांगितला की तो एकाला बिचकतो, हेच त्यातून दिसले. १९९५ मध्ये थिओडोर हिल यांनी नियमाला भक्कम गणिती पाया दिला : वेगवेगळ्या उगमांच्या संख्या यदृच्छेने एकत्र केल्या की मिश्रण या वाटणीकडे झुकते. बेन्फर्डच्या वीस गटांची खिचडी इतकी चांगली का शिजली, याचे ते उत्तर.

अ‍ॅरिझोनाची गोष्ट मी एका मासिकात वाचली, तेव्हा निवृत्त होऊन दोनेक वर्षे झाली होती. गावातल्या एका पतसंस्थेच्या तपासणी समितीवर मला घेतले होते, गणिताचे सर म्हणून. नवा चाकू हाती आला की माणूस काहीतरी कापायला शोधतो. मी कर्जखात्यांच्या रकमा घेऊन बसलो आणि पहिले अंक मोजले. चाराची गर्दी इतकी की चक्रावलोच. एक आणि दोन त्यांच्या जागी बरे होते, चार मात्र नियमाच्या कितीतरी पुढे. पंचेचाळीस हजार, अठ्ठेचाळीस हजार, एकोणपन्नास हजार, पानामागून पाने. मी अहवालात लिहिले की रकमा नैसर्गिक वाटत नाहीत, खाती बनावट असण्याची शक्यता तपासावी. आणि ते मासिक बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. हिशेबनीस समोरच बसला होता. माझाच विद्यार्थी; त्याच खोक्यातली एखादी प्रत वापरून बारावी झालेला.

चौकशी होईपर्यंत त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. महिनाभर तो घरी होता. लहान गावात महिना फार मोठा असतो. स्टेशन रोडला भाजी घेताना मला पाहिले की तो समोरच्या फुटपाथवर जाई. चौकशीत प्रत्येक कर्जदार सापडला, प्रत्येक जामीनदार सापडला, पै न् पै जुळली. त्याला परत बोलावले. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला, पण बाहेर आली नाही.

मी म्हटले, “मग एवढे चार आले कुठून रे?”

तो म्हणाला, “सर, तुम्ही मले इचारलं असतं तं मी तवाच सांगतलं असतं. पन्नासच्या वर गेलं की दोन जामीनदार लागते. एक भेटता भेटत नाही, दुसरा कोण देते? मंग मानूस साठ मांगाले येते अन् अठ्ठेचाळीस घेऊन जाते.”

म्हणजे चार हा अंक लबाडीचा नव्हता, दुसरा जामीनदार न मिळालेल्या माणसांचा होता. कुणाला साठ हवे होते, कुणाला ऐंशी. मर्यादेच्या दारात सगळे येऊन थांबले होते. कोसंबींच्या नाण्यांसारखेच : कुणीतरी तराजू धरलेला होता, आणि मी तो कुणी धरला हे न विचारता समोर बसलेल्या माणसाचा हात पकडला. नियम मला एवढेच सांगत होता की इथे काहीतरी ठरवलेले आहे. कुणी ठरवले हे नियमाला कळत नाही. त्यासाठी उठून विचारावे लागते.

दोन जामीनदारांचा तो ठराव केव्हाचा, हे मी नंतर कार्यवृत्ताच्या जुन्या वहीत शोधले. पंधरा वर्षांपूर्वीचा निघाला. मी त्या वेळी एक मुदत संचालक मंडळावर होतो, हे मी विसरलो होतो. ठरावाखाली सूचक म्हणून अध्यक्षांची सही होती, आणि अनुमोदक म्हणून माझी.